विश्वासाचे भांडवल : आंतरजालावरील उद्योगिनी आणि तिचा ग्राहक-परिवार

भांडवल म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या मनात प्रथम पैसा येतो. बँकेचे कर्ज, तारण, जागा, यंत्रसामग्री यांचा विचार होतो. हे सर्व आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु प्रत्येक व्यवसायाच्या मुळाशी आणखी एक भांडवल असते. त्याची नोंद ताळेबंदात कुठेही होत नाही आणि एकदा गमावले की कोणतीही बँक ते परत देऊ शकत नाही. ते भांडवल म्हणजे ग्राहकाचा विश्वास. आज घरबसल्या, हातातील मोबाईलच्या आधारे व्यवसाय करणाऱ्या असंख्य स्त्रियांपाशी पहिले भांडवल बहुधा तुटपुंजे असते. दुसरे मात्र त्या स्वतःच्या आचरणातून उभे करू शकतात. ते कसे उभे राहते, कशाने टिकते आणि कशाने क्षणार्धात नाहीसे होते, हाच या विवेचनाचा विषय आहे.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्राचे चित्र झपाट्याने पालटले. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसे स्वीकारण्यासाठी दुकान, गल्ला किंवा यंत्र असण्याची गरज उरली नाही. २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने लहान व्यावसायिकांसाठी स्वतंत्र सुविधा आणली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली. अनेक घरांतील नियमित मिळकत थांबली आणि ज्या हातांनी आजवर केवळ कुटुंबासाठी लोणची, मसाले, पुरणपोळ्या केल्या होत्या, त्याच हातांनी त्या विकण्यास आरंभ केला. कुणी हातमागाच्या साड्या विकू लागल्या, कुणी शिकवण्या घेऊ लागल्या, कुणी घरच्या घरी साबण आणि उटणी तयार करू लागल्या. संकट ओसरले, परंतु त्यातून सुरू झालेले कितीतरी व्यवसाय टिकून राहिले. यांतील काही बहरले, काही दुसऱ्या दिवाळीपर्यंतही पोहोचले नाहीत. दोहोंमधील अंतर केवळ चवीचे किंवा भांडवलाचे होते काय? पुष्कळदा ते विश्वासाचे होते.

दिसत नाही ती विक्रेती

मंडईत गेलेला ग्राहक मसाला हातावर घेऊन त्याचा वास घेतो, चकलीचा तुकडा मोडून पाहतो, कापडाचा पोत बोटांनी चाचपतो. समोर बसलेल्या बाईचा चेहरा, तिचे बोलणे, तिच्या वजनकाट्यावरील हात हे सारे तो नकळत तपासत असतो. पडद्यावर यांपैकी काहीच नसते. तिथे असते ते एक छायाचित्र आणि चार ओळींचे वर्णन. पैसे आधी द्यायचे आणि वस्तू नंतर पाहायची, असा हा उलटा व्यवहार आहे. म्हणूनच या व्यवहारात विक्रेतीच्या शब्दाला एरवीपेक्षा अधिक वजन येते.

याची जाणीव झाल्यामुळे ‘खरेपणा’ हा विक्रीशास्त्रातील परवलीचा शब्द बनला आहे. नव्याने व्यवसायात येणाऱ्या स्त्रीला सल्ला मिळतो की, लोकांना स्वतःचे खरे रूप दाखवा. स्वयंपाकघर दाखवा, मुले दाखवा, सासूबाईंना कॅमेऱ्यासमोर आणा, आपली दुःखेही सांगा. म्हणजे लोक आपलेसे मानतील. या सल्ल्यात एक धोका दडलेला आहे. घरातील खासगी गोष्टी उघड करणे आणि व्यवहारात खरे असणे, या दोन अगदी वेगळ्या बाबी आहेत. डोळ्यांत पाणी आणून आपली कहाणी सांगणारी व्यक्तीही वजनात मारू शकते. आणि स्वतःविषयी अवाक्षरही न बोलणारी स्त्री वर्षानुवर्षे एकाच प्रतीचा माल देऊ शकते. ग्राहक पहिल्या खेपेस कहाणीमुळे येईलही, परंतु दुसऱ्यांदा तो मालामुळेच येतो. आपल्या लेकरांचा चेहरा जगापुढे मांडायचा की नाही, हा प्रत्येक आईचा स्वतंत्र निर्णय आहे. त्यावाचून व्यवसाय चालणार नाही, अशी भीती मात्र कुणी बाळगू नये. याला आधार म्हणून आंतरजालाच्या कितीतरी आधीचे एक उदाहरण पाहता येईल.

सात भगिनी, ऐंशी रुपये

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटण्यास बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांपैकी एक. पापड करण्याचे कौशल्य सर्वांच्या हाती होते, परंतु भांडवल म्हणून होते केवळ ऐंशी रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि भुलेश्वरमधील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला ती विकण्यात आली. आज जिचे नाव घरोघरी परिचित आहे, त्या ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या संस्थेचा हा आरंभ. पुढे चाळीस हजारांहून अधिक भगिनी या संस्थेच्या सभासद झाल्या आणि २०२१ मध्ये जसवंतीबेन पद्मश्रीने सन्मानित झाल्या.

हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. त्यातील काही निर्णय मात्र पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहेत. आरंभी या भगिनी दोन प्रतींचे पापड करत असत; एक उत्तम प्रतीचा आणि दुसरा स्वस्त, हलक्या प्रतीचा. छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सारे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सल्ला दिला की, एकच प्रत ठेवा आणि तिच्याशी कधीही तडजोड करू नका. हिशेब चोख ठेवण्याचा आग्रहही त्यांचाच. दुसरा निर्णय असा की, तोटा झाला तरी देणगी किंवा मदत घ्यायची नाही. ‘बिचाऱ्या बायका आहेत, म्हणून घेऊ या,’ अशा दयाबुद्धीवर हा व्यवसाय उभा राहणार नव्हता. पापड चांगला आहे म्हणून तो विकला गेला पाहिजे, हा त्यामागील स्वाभिमान होता.

पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि सुमारे चार महिने काम बंद ठेवावे लागले. ओलसर पापड बाजारात ढकलण्यापेक्षा बाजारात न जाणे त्यांनी पत्करले. पुढील वर्षी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह ठेवण्याची युक्ती निघाली आणि अडचण दूर झाली. हाती पैसा नसताना चार महिने थांबणे म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या कोणत्याही स्त्रीला समजावून सांगावे लागत नाही.

संस्था वाढली तेव्हाचा प्रश्न याहून कठीण होता. हजारो घरांत लाटलेल्या पापडाची चव एकच कशी राहावी? त्यावर योजलेली व्यवस्था साधी आहे. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी मध्यवर्ती होते. पीठ केंद्रावर भिजवले जाते. भगिनी ते घरी नेतात, पापड लाटतात, वाळवतात आणि केंद्रावर परत आणून देतात. तिथे त्यांची तपासणी होते आणि लाटणावळ मिळते. काम घरातच राहिले, परंतु प्रत मात्र प्रत्येकीच्या मर्जीवर सोडली गेली नाही. ‘घरगुती’पणा आणि मोठा व्याप यांची सांगड घालता येते, याचा हा ढळढळीत पुरावा होय. तसेच येथे पापड लाटणारी प्रत्येक सभासद मालकही असते. नफ्यात जशी, तशीच तोट्यातही वाटेकरी. बाहेरच्या माणसाचा विश्वास संपादन करण्यापूर्वी आतल्या माणसांचा विश्वास या संस्थेने कमावला होता.

कृती जशी सांगितली तशी

विश्वासाचा दुसरा नमुना महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांच्या अधिक जवळचा आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि नवविवाहितेच्या सामानात ते हक्काने जाऊ लागले. त्याचे एक मोठे कारण म्हणजे घरात नित्य वापरल्या जाणाऱ्या वाटी-चमच्याचे प्रमाण. लेखिकेने सांगितले तसे केले की पदार्थ जमतो, हा अनुभव एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचला. प्रत्यक्ष कधीही न भेटलेल्या बाईवर असंख्य गृहिणींनी विश्वास टाकला, कारण तिच्या शब्दाची परीक्षा त्यांच्या स्वतःच्या चुलीवर होत होती आणि त्या परीक्षेत तो शब्द उतरत होता.

आंतरजालावर हीच परीक्षा अधिक जलद होते. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत वास्तव्यास असताना पाककृतींची आपली यूट्यूब वाहिनी सुरू केली. प्रथम त्या इंग्रजीतून कृती सांगत. पुढे त्यांनी मराठीतून सांगण्यास आरंभ केला आणि मराठी वाहिनीने लाखो प्रेक्षक जोडले. घरात बोलली जाते तशी साधी मराठी, नेहमीचे पदार्थ आणि समजेल असे प्रमाण ही त्यांच्या सादरीकरणाची ओळख झाली. पुढे त्याच नावाने मसाल्यांचा व्यवसायही उभा राहिला. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी वर्षानुवर्षे काही देणे घडले, मग विकणे. ज्या बाईने सांगितलेली आमटी आपल्या घरी जमली, तिचा मसाला घेऊन पाहावा असे गृहिणीला वाटणे स्वाभाविक आहे.

भाषेचा मुद्दाही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. इंग्रजीत बोलल्याने बाजार मोठा होतो, असा समज आहे. परंतु ज्या भाषेत ग्राहक घरी भांडतो, हसतो आणि देवापुढे हात जोडतो, त्या भाषेत बोलणारी विक्रेती त्याला परकी वाटत नाही. पुण्याची असो, बेळगावची असो वा न्यू जर्सीत स्थायिक झालेली असो, अनारशाला जाळी का पडली नाही, हा प्रश्न तिला मराठीतच पडतो. त्याचे उत्तरही तिला मराठीतच हवे असते.

‘घरगुती’ या शब्दाची परीक्षा

खरी कसोटी मात्र यश मिळू लागले की लागते. दिवाळीचे उदाहरण घेऊ. एखादी भगिनी घरी भाजणी भाजून, दळून उत्तम चकल्या करते. दोन मदतनिसांसह तिची क्षमता चाळीस किलोंची आहे. तिसऱ्या वर्षी तिच्याकडे शंभर किलोंची मागणी येते. आता तिच्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला, चाळीस किलो झाले की नम्रपणे नकार देणे. दुसरा, आणखी हात जोडणे, त्यांना आपली भाजणी आणि आपली रीत शिकवणे आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगणे. तिसरा, उरलेल्या साठ किलो चकल्या घाऊक बाजारातून आणून त्यावर आपले ‘घरगुती’चे लेबल चिकटवणे.

तिसरा मार्ग त्या वर्षी सर्वांत फायद्याचा दिसतो आणि मोह त्याचाच होतो. घरात मुलांची फी भरायची असते, कर्जाचा हप्ता असतो. अशा वेळी हा मोह होणे माणसाला सुटलेले नाही. परंतु ज्या गृहिणीने पहिली दोन वर्षे तीच चकली खाल्ली आहे, तिची जीभ फसत नाही. ती भांडायला येत नाही. ती केवळ पुढच्या वर्षी मागणी नोंदवत नाही आणि आपल्या जावेला, मैत्रिणीला, सोसायटीतील चार घरांना सहज सांगून टाकते. तीन वर्षांत मिळवलेले एका हंगामात जाते. पहिला मार्ग त्या वर्षीचे उत्पन्न कमी करतो, परंतु पुढील वर्षी नोंदणी गणपतीतच सुरू होते. दुसरा मार्ग श्रमाचा आहे, पण व्यवसाय वाढवण्याचा तोच खरा मार्ग आहे. लिज्जतने मोठ्या प्रमाणावर जे केले, त्याचेच ते छोटे रूप होय. मदतनीस ठेवल्याने पदार्थाचा घरगुतीपणा नष्ट होत नाही. तो नष्ट होतो लपवाछपवीने.

याच संदर्भात कायद्याचा विचारही टाळता येत नाही. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या व्यक्तीलाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे आणि तिचा चौदा अंकी क्रमांक मिळतो. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख आणि शाकाहारी किंवा मांसाहारी असल्याचे चिन्ह असणे हे ओझे वाटू नये. ज्या घरात शेंगदाण्याची अॅलर्जी असलेले मूल आहे, त्या घरातील आईसाठी घटकांची ती बारीक अक्षरांतील यादी कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची असते.

तक्रार आणि कौतुक

मालाइतकीच विक्रेतीची वागणूकही ग्राहक पाहत असतो. दुकानातील तक्रार दुकानापुरती राहते, आंतरजालावरील तक्रार सर्वांसमोर होते. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया ती पुसून टाकण्याची असते. अनुभवी उद्योगिनी असे करत नाहीत. करंज्या प्रवासात मोडल्या असतील तर तसे मान्य करून, पैसे परत देऊन किंवा नवे पाकीट पाठवून, पुढच्या वेळी बांधणी कशी बदलणार हे त्या तिथेच लिहितात. असे एक उत्तर शेकडो मूक वाचक वाचतात आणि मनाशी नोंद करतात की, उद्या आपल्या मालाचे काही झाले तर ही बाई तोंड फिरवणार नाही. अर्थात, प्रत्येक तक्रार न्याय्य असतेच असे नाही. असभ्य भाषेला उत्तर देण्याचे बंधन कोणत्याही स्त्रीवर नाही आणि सौजन्य म्हणजे अपमान गिळणे नव्हे.

कौतुकाचेही तसेच. ओळखीच्या दहा जणींकडून, किंवा स्वतःच दुसऱ्या नावाने, स्तुतीचे अभिप्राय लिहून घेण्याची प्रथा बोकाळली आहे. २०२० मध्ये आलेल्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय देण्यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानकही प्रसिद्ध केले. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही, पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे स्पष्ट नमूद करावे, अशा मार्गदर्शक सूचना दिल्या. नियम आले ते फसवणूक वाढली म्हणूनच. ज्या स्त्रीचे हजारो अनुयायी आहेत, तिच्याकडे एखादी कंपनी क्रीमची बाटली घेऊन येते, तेव्हा ती कंपनी बाटलीसाठी जागा विकत घेत नसते. त्या स्त्रीने कमावलेला विश्वास विकत घेत असते. तो कोणत्या भावात आणि कोणत्या वस्तूसाठी द्यायचा, याचा निर्णय तिने फार सावधपणे केला पाहिजे.

पडद्यापलीकडची वही

ग्राहकांचा असा परिवार जमला, तरी तो ज्या जागी जमतो ती जागा आपली नसते, हे विसरता कामा नये. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. देशहिताच्या दृष्टीने घेतलेल्या त्या निर्णयानंतर लहान गावांतील अनेक कलाकारांचा आणि व्यावसायिकांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले आणि ज्यांचा सारा व्यवहार त्यांवर होता, त्यांचे हात बांधले गेले. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेले दुकान कधी उठवावे लागेल, हे सांगता येत नाही.

म्हणून ग्राहकांच्या संमतीने त्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक, आवडीनिवडी यांची स्वतःची एक वही असावी. ती कागदाची असो वा संगणकातील. कुणाला तिखट कमी लागते, कुणाच्या घरी यंदा वर्षश्राद्ध असल्याने गोड नको आहे, कुणाची मुलगी परदेशी गेली, अशा नोंदींमधून ग्राहक आकड्यातून माणसात येतो. ही माहिती विश्वासाने मिळालेली असते, म्हणून ती दुसऱ्या कुणाला देणे हा त्या विश्वासाचा भंगच होय. ज्यांच्यापाशी अशी वही होती, त्यांचे दुकान ओसरी बदलली तरी चालू राहिले.

भगिनींनो, निष्ठावंत ग्राहक-परिवार बांधण्याची कला शिकवणारे वर्ग आज पुष्कळ निघाले आहेत. छायाचित्र कोणत्या प्रकाशात घ्यावे, कोणत्या वेळी काय लिहावे, हे तिथे अवश्य शिकावे. ती विद्या निरुपयोगी नाही. परंतु गिरगावातील त्या सात जणींपाशी यांपैकी काहीही नव्हते. हलक्या प्रतीचा माल करणार नाही, फुकटचा पैसा घेणार नाही आणि हिशेब चोख ठेवू, एवढेच त्यांनी ठरवले आणि पाळले. पावसाळ्यात चार महिने पाट-लाटणे बाजूला ठेवण्याची ज्यांची तयारी होती, त्यांच्याच पापडावर पुढे देशाने विश्वास टाकला. आज ज्या भगिनीने आपल्या मोबाईलवर पहिली मागणी स्वीकारली असेल, तिनेही मालाचे छायाचित्र काढण्यापूर्वी आपण काय विकणार नाही, याची एक छोटी यादी करावी आणि ती स्वयंपाकघरातच, रोज दिसेल अशा जागी लावावी.